तारीख नसलेलं बॅटमॅनचं पान: पोशाखावरून काळ कसा ओळखायचा

मुखपृष्ठ गेलेलं, अंकाचा क्रमांक नाही, चित्रकाराचं नाव नाही. आतलं एकच पान हातात, आणि त्यावर बॅटमॅन. हे पान कधीचं?

मी कॉमिक्सच्या पानांवर शाई आणि रंगाचं काम करते. अशी सुटी पानं लोक माझ्याकडे आणून देतात, नाहीतर फोटो पाठवतात. गोष्ट वाचून काळ क्वचितच कळतो, कारण तेच खलनायक आणि तेच गोथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, ऐंशीहून जास्त वर्षं चालू आहे. पोशाखावरून मात्र बऱ्याचदा कळतो, अगदी पाचसात वर्षांच्या टप्प्यापर्यंत. त्यासाठी वर्षांची यादी पाठ करू नका. पोशाखातला प्रत्येक बदल कुणीतरी काही कारणाने केलेला आहे. कधी छपाईयंत्राच्या मर्यादेमुळे, कधी संपादकाच्या निर्णयामुळे, कधी एखाद्या चित्रकाराच्या हाताच्या वळणामुळे. कारण कळलं की वर्ष आपोआप लक्षात राहतं.

लागणारं सामान थोडंच: एक चांगलं भिंग, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल आणि दिवसाचा उजेड. पिवळ्या बल्बखाली जुन्या पानाचे रंग बघू नका, निळा आणि काळा यांतला फरकच त्यात मरतो.

आधी भिंगातून कागद आणि ठिपके बघा

पोशाखाकडे वळण्याआधी रंग कसा छापलाय ते बघा. जुनी अमेरिकन कॉमिक्स वर्तमानपत्री कागदावर चार शायांनी छापत: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. पहिल्या तिघींच्या फिक्या-गडद छटा ठिपक्यांनी साधायच्या आणि त्यांच्या मिश्रणातून साधारण ६४ रंग मिळायचे. रंगकाराच्या हातात एवढंच. भिंगाखाली ठिपके स्पष्ट दिसले, रंग सपाट असले आणि रेषेबाहेर जरा सरकलेले दिसले, तर पान जुन्या पद्धतीने छापलेलं आहे. केपवर, म्हणजे त्याच्या पाठीवर सोडलेल्या कापडावर, गडदापासून फिक्याकडे सावकाश विरत जाणारी छटा दिसली, तर ते संगणकावरचं रंगकाम, म्हणजे १९९०च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. अर्थात जुनी गोष्ट नव्याने रंगवून पुन्हा छापलेलीही असू शकते. त्या सापळ्याबद्दल पुढे लिहिते.

मग केपमध्ये काळा किती, निळा किती ते मोजा

मला विचाराल तर सगळ्या पोशाखात हीच जागा सर्वांत बोलकी आहे, आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही.

बॅटमॅनची केप निळी की काळी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. मुळात ती काळी होती. पण काळ्या शाईचा सपाट ठोकळा छापला की घडी दिसत नाही, खांदा दिसत नाही, हात केपच्या पुढे आहे की मागे तेही कळत नाही. म्हणून शाई करणारा चित्रकार उजेड पडतो तिथली जागा मोकळी सोडतो. ही मोकळी जागा रंगकाराने निळ्याने भरायची. काळ्यावर पडलेल्या प्रकाशाची खूण, एवढाच त्या निळ्याचा अर्थ. मी स्वतः ब्रशने काळं भरताना हाच प्रश्न रोज सोडवते, त्यामुळे १९३९-४०च्या पानांतला निळा मला लगेच ओळखू येतो: तो केपच्या कडेला, घडीच्या माथ्यावर, पट्टीसारखा असतो.

पुढे १९४०च्या दशकात या पट्ट्या रुंद होत गेल्या. काळं भरायला वेळ लागतो, आणि गोष्टींचा सूरही हलका होत होता. १९५०च्या दशकापर्यंत उलटापालट झालेली दिसते: केप सरळ निळी आणि तिच्यावर घड्यांपुरत्या काळ्या रेषा. प्रकाशाची खूण म्हणून आलेला रंग कापडाचा रंग होऊन बसला. नंतरच्या वाचकांनी बॅटमॅन निळाच बघितला, म्हणून तो निळाच राहिला.

आता पद्धत. केपवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त काळा भाग पेन्सिलने भरा. जुन्या कागदावर जोर देऊ नका. मग ट्रेसिंग पेपर उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा.

अर्ध्याहून अधिक भाग काळा आला, तर पान अगदी सुरुवातीचं असेल, नाहीतर १९७० नंतरचं. नुसत्या रेषाच उमटल्या आणि आत मोकळं मैदान राहिलं, तर १९५०चं आणि १९६०चं ही दोन दशकं धरून चाला. १९७०च्या आसपास चित्रकार नील ॲडम्स आणि लेखक डेनिस ओ'नील यांनी बॅटमॅनला परत रात्रीत नेलं. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या मालिकेच्या जानेवारी १९७०च्या ३९५व्या अंकात ते दोघे या पात्रावर पहिल्यांदा एकत्र आले. ॲडम्सने निळा काढला नाही, पण सावल्या इतक्या जड केल्या की निळा पुन्हा उजेडाच्या कामाला लागला. त्याची पानं ट्रेस करून बघाच. केपचा काळा आकार एकटाच उचलून बघितला तरी वारा कुठून येतोय ते कळतं.

अंगावरचा करडा रंग मात्र पुरावा म्हणून वापरू नका. जुन्या छपाईत तो हलक्या ठिपक्यांच्या मिश्रणातून तयार व्हायचा आणि एखादी शाई जरा जास्त झाली की निळसर नाहीतर जांभळट दिसायचा. कागद पिवळा पडला की आणखी बदलतो.

हातमोजे: सुरुवातीच्या पानांची पक्की खूण

हातमोज्यांवर कडेने पंखासारखी टोकं आहेत का? असतील तर पान १९४० किंवा त्यानंतरचं. ती नसतील आणि मोजे आखूड असतील, तर नीट बघा, हातात फार जुनं काहीतरी असू शकतं. मोजे जांभळे असतील तर अजून नीट बघा.

बॅटमॅन पहिल्यांदा आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. मुखपृष्ठावर तारीख मे १९३९ची. (अमेरिकन कॉमिक्सवर पुढच्या महिन्याची तारीख छापत, म्हणजे अंक जास्त दिवस ताजा वाटायचा. मी या लेखात मुखपृष्ठावरच्याच तारखा देते आहे.) सहा पानांची गोष्ट, आणि तिच्यात त्याच्या हातात आखूड जांभळे मोजे. मोज्यांवरची टोकं फेब्रुवारी १९४०च्या ३६व्या अंकात आली. मधले नऊ महिने चित्रकार पोशाख चाचपत होते: कान कधी असे, केप कधी तशी. या काळातली पानं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. न जुळणं हीच त्यांची ओळख आहे.

इथे थोडं थांबून बॅटमॅनचा पहिला लेखक बिल फिंगर याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय या पोशाखाबद्दल बोलणं अन्यायाचं होईल. चित्रकार बॉब केनने आधी जे चित्र काढलं होतं त्यात लाल घट्ट कपडे होते, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा होता आणि पाठीला ताठ पंख होते. हातमोजे नव्हते. फिंगरने ते बघून एकेक गोष्ट बदलायला सुचवली. पूर्ण डोकं झाकणारा, कान असलेला मुखवटा. ताठ पंखांऐवजी केप, जी हालचालीत पंखासारखी पसरेल. लालऐवजी करडा. डोळ्यांत बुबुळं नकोत, नुसत्या पांढऱ्या फटी, म्हणजे तो गूढ दिसेल. आणि हातमोजे, बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून.

या यादीकडे बघा. आज कुणीही अंधारात बॅटमॅनची आकृती ओळखतं ती कान आणि केपवरून. दोन्ही फिंगरची. तरी अनेक दशकं श्रेयनाम एकट्या केनचं छापलं जात होतं. फिंगर १९७४ साली गेला आणि बॅटमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने निर्मितीच्या श्रेयात त्याचं नाव घालायला २०१५ उजाडावं लागलं. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, आणि जुनं पान ओळखायला शिकवताना मी हे प्रत्येकाला सांगते. ओळखीच्या कामालाही याचा उपयोग आहे: पुनर्मुद्रित पानावर दोघांच्या नावाची ओळ असेल, तर ती प्रत २०१५ किंवा त्यानंतर छापलेली आहे.

कान बघून चित्रकार ओळखा, वर्ष नव्हे

कानांची लांबी कधीच कुणी ठरवून दिली नाही, त्यामुळे ती ज्याच्या त्याच्या हातची. १९३९चे कान लांब आणि बाहेरच्या बाजूला कललेले. डिक स्प्रँगने १९४०-५०च्या दशकांत काढलेले कान आखूड, सरळ, आणि त्याखाली चौकोनी जबडा, पिंपासारखी छाती. स्प्रँगचा बॅटमॅन एकदा ओळखता आला की पुन्हा चुकत नाही. तो राक्षसी आकाराच्या टाइपरायटरवर किंवा नाण्यावर मारामारी करत असला तर शंकाच नको.

ॲडम्सचे कान लांब आणि निमुळते. फ्रँक मिलरने १९८६ साली म्हातारा बॅटमॅन काढला तेव्हा ते बुटके, जाड. डेव्हिड माझुकेलीने १९८७मध्ये काढलेले कानही छोटेच, पण अंग साध्या माणसाचं, कापडाला खऱ्या सुरकुत्या. केली जोन्सचे १९९०च्या दशकातले कान इतके उंच की कधी कधी चौकटीबाहेर जातील असं वाटतं. मला जोन्सचं काम अतिशय आवडतं. तो माणसापेक्षा सावली जास्त काढतो.

कानांवरून 'लांब म्हणजे ॲडम्स' असा थेट निष्कर्ष मात्र काढू नका. ॲडम्सनंतर अनेकांनी लांब कान काढले. आधी केपमधल्या काळ्याचं प्रमाण, मग कान, आणि दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच चित्रकाराचं नाव घ्या.

छातीवरचं चिन्ह: इतक्या उशिरा का?

सगळे आधी छातीच बघतात. मी ती मुद्दाम मागे ठेवते, कारण चिन्ह फार ठळक आहे आणि एकदा ते बघितलं की डोळा बाकी काही बघायला तयार होत नाही.

नियम तसा सोपा आहे. १९३९ ते १९६४: करड्या अंगावर थेट काळं वटवाघूळ. मे १९६४च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ३२७ पासून: वटवाघळाभोवती पिवळा लंबवर्तुळ. २००० सालापासून: पिवळा पुन्हा गेला.

१९६४चा बदल संपादक ज्युलियस श्वार्ट्झच्या काळातला. बॅटमॅनची विक्री खाली आली होती आणि गोष्टींत परग्रहवासीयांची गर्दी झाली होती. श्वार्ट्झने गोष्टी परत गुन्हेशोधाकडे वळवल्या आणि चित्रं कार्माइन इन्फँटिनोकडे दिली. इन्फँटिनोचा बॅटमॅन सडपातळ, चपळ, चेहरा खऱ्या माणसाच्या जवळचा. पिवळ्या वर्तुळाने लांबूनही चिन्ह उठून दिसायला लागलं, आणि बॅटमॅनला बोलावण्यासाठी आकाशात पाडतात त्या वटवाघळाच्या झोताशी, बॅट-सिग्नलशी, छातीचं नातं जुळलं. दोनच वर्षांनी, जानेवारी १९६६मध्ये, दूरचित्रवाणीवरची मालिका सुरू झाली, तेव्हा बॅटमॅन साकारणाऱ्या ॲडम वेस्टच्या छातीवर हेच वर्तुळ होतं. तिथून ते खेळण्यांवर, कपड्यांवर, सगळीकडे गेलं.

रंगाच्या दृष्टीने बघितलं तर हा फार हुशारीचा बदल आहे. पट्टा आधीपासून पिवळा होता, पण कमरेला एकटा. छातीवर दुसरा पिवळा आल्यावर नजर वर-खाली फिरते आणि मधला करडा धडाचा भाग मोठा वाटतो. आमच्या कामात असा एखादा ठिपका योग्य जागी पडला की पूर्ण पान सुधारतं.

मिलरने १९८६च्या त्या म्हाताऱ्या बॅटमॅनच्या मालिकेत या पिवळ्याला कारण दिलं: गोळी छातीवर लागते, आणि कळतं की तिथे चिलखत आहे. डोक्याला चिलखत घालता येत नाही, म्हणून नेम छातीवर खेचून घ्यायचा. बावीस वर्षं नुसतं शोभेचं असलेलं वर्तुळ एका चौकटीत डावपेच झालं. त्याच मालिकेत पुढे बॅटमॅन वर्तुळ टाकून छातीभर पसरलेलं काळं वटवाघूळ घालतो. म्हणजे एकाच मालिकेच्या दोन पानांवर दोन चिन्हं सापडतील. ती दोन वेगळ्या काळांतली समजू नका.

२००० नंतरचा हिशेब थोडा वेगाने बदलतो. २०१०च्या अखेरीस वटवाघळामागे पिवळा परत आला, २०११मध्ये डीसीने सगळं विश्व नव्याने सुरू केलं तेव्हा तो गेला, आणि २०१६मध्ये ग्रेग कापुलोने वटवाघळाच्या कडेने फक्त पिवळी रेघ ठेवली. कापुलोच्या याच पोशाखात केपची आतली बाजू जांभळी आहे. १९३९च्या मोज्यांची आठवण असलेल्या वाचकाला तो रंग बघून किती आनंद झाला असेल! मला तर झालाच.

पट्टा, चड्डी आणि शिवणी

हे भराभर बघून घेऊ.

पट्टा पहिल्यापासून पिवळा, आणि त्यात उपयोगी वस्तू असल्याचा उल्लेख 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या जुलै १९३९च्या २९व्या अंकात येतो. बाजूने नळ्यांसारख्या डब्या दिसल्या तर जुना प्रकार. सैनिकी पट्ट्यासारखे चौकोनी खिसे दिसले तर १९८६-८७ नंतरचा. २००० सालच्या पोशाखात खिसेच आहेत.

वरून घातलेली चड्डी सर्कशीतल्या पहिलवानांच्या आणि कसरतपटूंच्या पोशाखातून आली. त्या काळी ताकदीचा माणूस दाखवायचा म्हणजे असाच. शिवाय चित्रकाराला तिचा फार उपयोग होतो: करड्या धडापासून करडे पाय वेगळे दिसतात आणि कंबर कुठे वळली ते कळतं. १९९५च्या सुरुवातीला एका कथानकात बॅटमॅन चड्डी नसलेल्या, जवळजवळ पूर्ण काळ्या पोशाखात आला. १९८९च्या चित्रपटातल्या काळ्या रबरी पोशाखानंतर हे होणारच होतं. पण तो बदल सर्वांनी सारखा पाळला नाही. २०११मध्ये चड्डी खरोखर गेली आणि तिच्या जागी चिलखताच्या जोडरेषा आल्या. २०१८ साली ती परतली.

म्हणून: चड्डी नाही, अंगावर भरपूर शिवणी आणि पट्ट्या, रंग संगणकावरचे, तर २०११ ते २०१८ धरा.

अंगावर सोनेरी-निळं धातूचं चिलखत आणि हातांना नखं दिसली, तर आत ब्रूस वेन, म्हणजे मूळचा बॅटमॅन, नाहीच. तो जाँ-पॉल व्हॅली, ज्याने १९९३मध्ये काही काळ बॅटमॅनची जागा घेतली. 'बॅटमॅन'च्या ५००व्या अंकात आलेला हा पोशाख जो केसाडाने आखला होता. काळ ओळखायला याच्याइतकं सोपं पान दुसरं नाही.

रॉबिनचे पाय बघा

पानावर बॅटमॅनचा किशोर साथीदार रॉबिन असेल तर काम अर्धं झालं, कारण हे नाव वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या मुलांनी घेतलं. उघडे पाय, हिरवी आखूड चड्डी, पिवळी केप: हा डिक ग्रेसन, एप्रिल १९४० पासूनचा, किंवा त्याच कपड्यांतला जेसन टॉड, ज्याचा मृत्यू १९८८ साली वाचकांच्या फोनवरच्या मतदानाने ठरला. पाय झाकलेले आणि केप बाहेरून काळी असेल तर टिम ड्रेक, म्हणजे डिसेंबर १९९० नंतर. तो पोशाख नील ॲडम्सने आखला. बॅटगर्लच्या रूपातली बार्बरा गॉर्डन दिसली तर पान जानेवारी १९६७च्या आधीचं असूच शकत नाही. अशा शेजारच्या पात्रांमुळे काळाची एक बाजू पक्की बंद होते.

कुठे फसाल

पहिला सापळा आठवणींच्या गोष्टींचा. १९८७मध्ये माझुकेलीने बॅटमॅनचं पहिलं वर्ष काढलं, तेव्हा अर्थातच पिवळं वर्तुळ वगळलं. १९८९ पासून तर बॅटमॅनच्या सुरुवातीच्या दिवसांवरच्या गोष्टींची वेगळी मालिका निघाली आणि तिच्यातही बहुधा वर्तुळ नाही. त्यामुळे 'वर्तुळ नाही' म्हणून १९६४च्या आधीचं, असं म्हणायची घाई करू नका. पट्ट्यावर चौकोनी खिसे आहेत का बघा. केपमध्ये काळं किती ते बघा. १९५०च्या दशकातल्या सपाट निळ्या मैदानाशी ते जुळणार नाही.

दुसरा सापळा पुनर्रंगकामाचा, आणि हा जास्त कठीण. १९८८ साली ॲलन मूर आणि ब्रायन बोलँड यांचं 'द किलिंग जोक' आलं, त्यातले मूळ रंग जॉन हिगिन्सचे, भडक, जांभळ्या-नारिंगी रात्रीचे. २००८च्या आवृत्तीत बोलँडने स्वतः सगळं नव्याने, थंड रंगांत रंगवलं आणि बॅटमॅनच्या छातीवरचा पिवळाही काढून टाकला. रेषा तीच, चौकट तीच, पोशाख वेगळा. मला हिगिन्सचे रंग जास्त आवडतात, कारण त्या भडकपणात वेड लागण्याची भीती आहे. पण दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघाव्यात असंच मी सांगेन. रंग हाही पोशाखच असतो हे तिथे डोळ्यांना दिसतं. ॲडम्सनेही स्वतःची जुनी पानं पुढे संग्रहांसाठी नव्याने रंगवली, काही ठिकाणी रेषाही बदलल्या. म्हणून १९७०ची गोष्ट आणि संगणकी रंग एकत्र दिसले तर दोन तारखा लिहा: चित्राची एक, रंगाची दुसरी.

तिसरा प्रकार मजेदार आहे. मार्च १९५७च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २४१ मध्ये बॅटमॅन दर वेळी वेगळ्या रंगाचा पोशाख घालून फिरतो: लाल, हिरवा, गुलाबी, शेवटी इंद्रधनुषी. कारण गोष्टीत दिलंय. डिकच्या हाताला दुखापत झालेली असते आणि लोकांनी रॉबिनच्या हाताकडे बघून ओळख जुळवू नये, म्हणून बॅटमॅन सगळ्या नजरा स्वतःच्या कपड्यांवर खेचतो. गुलाबी बॅटमॅन बघून छपाई चुकली असं समजू नका. आणि हेही बघा की मिलरच्या छातीवरच्या नेमाची कल्पना एका अर्थी इथे आधीच आहे: पोशाख बघणाऱ्याची नजर हवी तिथे नेतो.

एक पान सोडवून बघू

समजा असं पान आहे: ठिपके स्पष्ट, रंग सपाट. केप ट्रेस केली तर काळ्याचे मोठे, धारदार तुकडे मिळतात, पण मधून निळा बराच आहे. कान लांब. छातीवर पिवळं वर्तुळ. पट्ट्याला नळ्या. चड्डी आहे. रॉबिन नाही.

ठिपक्यांमुळे संगणकी रंगाचा काळ बाद. वर्तुळामुळे १९६४च्या आधीचं बाद. इतक्या काळ्यामुळे १९६०च्या दशकाच्या मध्यावरची स्वच्छ, सपाट पानंही बाद होतात. पट्ट्याच्या नळ्या सांगतात की १९८६-८७ नंतरची शक्यता कमी. उरलं १९६८ ते साधारण १९८५. आता रॉबिनचं नसणं महत्त्वाचं ठरतं: १९६९च्या अखेरीस डिक कॉलेजला गेला आणि बॅटमॅन बराच काळ एकट्याने फिरू लागला. मी या पानावर '१९७०चं दशक, बहुधा पूर्वार्ध' असं लिहीन. चेहऱ्याच्या सावल्या आणि पुढे झेपावणारी आकृती बघून ॲडम्सचं नाव मनात आलं तरी प्रश्नचिन्हासह. त्या काळात त्याच्यासारखं काढणारे खूप होते.

हात बसवायचा सराव

बघून जेवढं कळतं त्याहून काढून जास्त कळतं, म्हणून चित्रकलेत गती नसली तरी हा सराव कराच. बॅटमॅनची एक साधी उभी आकृती काढा, केप अंगाभोवती, चेहरा समोर. तिच्या प्रती काढा. मग प्रत्येक प्रतीवर एक काळ चढवा: १९३९, १९५५, १९६४, १९७०, १९८६, २०००, २०११, २०१८. आकृती बदलायची नाही, फक्त पोशाख. रंग करण्याआधी काळी शाई पूर्ण भरा आणि निळ्यासाठी किती जागा सोडायची ते ठरवा.

१९५५ची प्रत सर्वांत लवकर होते, १९७०ची सर्वांत उशिरा. काळ्या सावल्या कुठे थांबवायच्या हे ठरवताना ॲडम्सने काय विचार केला असेल ते हाताला कळायला लागतं. १९६४च्या प्रतीत वर्तुळ आधी काढू नका. बाकी सगळं रंगवून झालं की शेवटी पिवळा भरा आणि आकृती कशी पुढे येते ते बघा. २०११ची प्रत काढताना चड्डीविना पाय धडापासून सुटे दाखवायला धडपड होईल. त्या जोडरेषा कशासाठी आल्या, ते तिथे समजेल.

खऱ्या पानांच्या नोंदी करताना मूळ कागदावर काही लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने काळ लिहा, आणि त्याखाली कोणत्या खुणेवरून तो धरला ते: 'मोज्यांना टोकं आहेत', 'वर्तुळ नाही, पण पट्ट्याला खिसे', 'रंग नंतरचा'. एखादी खूण पटत नसेल तर तीही लिहून ठेवा, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ते पान जाईल त्याला तिथूनच शोध सुरू करता येईल.